प्रोटीन स्किमर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सुमारे २५० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या टाकीखाली, सम्पमध्ये (पाणी गाळण्याच्या खालच्या टाकीत) बसणारा आणि सुईदार इम्पेलरच्या (हवा-पाणी घुसळणाऱ्या काटेरी चाकाच्या) पंपावर चालणारा प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली सेंद्रिय घाण बाहेर काढणारे यंत्र, मी गेले आठ महिने वापरत आहे. पहिल्या महिन्यात तो परत करण्याचा विचार दोनदा मनात आला होता. आज मात्र तो विनातक्रार चालतो, आणि त्याचे कारण यंत्र सुधारले हे नसून मी त्याला योग्य जागी बसवले, हे आहे.

पहिली चूक पाण्याच्या पातळीची होती. माहितीपत्रकात १८ ते २० सेंटिमीटर खोली सांगितलेली असताना माझ्या सम्पमध्ये पाणी २४ सेंटिमीटर होते, त्यामुळे स्किमरमधून पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही वरच्या, घाण जमण्याच्या कपात फेसाऐवजी स्वच्छ पाणीच भरत असे. शिवाय स्किमर मी रिटर्न पंपाच्या (पाणी वरच्या टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात ठेवला होता, जिथे बाष्पीभवनाने पातळी रोज खाली जाते आणि पाणी भरले की पुन्हा वर येते. पातळी हलली की स्किमरच्या आतला फेसही हलतो, हे साधे गणित माझ्या उशिरा लक्षात आले. तो आडव्या काचेमागच्या कप्प्यात हलवला, जिथे काचेच्या कडेमुळे पातळी कायम राहते, आणि खाली पाच सेंटिमीटरचा ॲक्रिलिकचा चौरंग दिला; निम्म्या तक्रारी तिथेच संपल्या.

नवीन स्किमर पहिले काही दिवस लहरी वागतो, कारण सुट्या भागांवरचा तेलकट अंश धुऊन जायला वेळ लागतो. माझ्याकडे दहा दिवस लागले. त्यानंतर व्हॉल्व्ह एका वेळी अगदी किंचित फिरवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, ही शिस्त मी पाळली; पाणी आणि फेस यांची सीमारेषा कपाकडे जाणाऱ्या गळ्याच्या तळाशी स्थिर झाली की जुळणी योग्य समजावी.

फेस ओला ठेवावा की कोरडा, यावर मी बराच घोळ घातला. ओल्या जुळणीत कपात बिनदुधाच्या चहासारखे पाणी रोज अर्धा लिटर जमत होते आणि त्याचे मला समाधानही वाटत होते. पण ते खारे पाणी बाहेर जाऊन त्याची जागा स्वयंचलित भरणीचे गोडे पाणी घेत होते, आणि महिन्याभरात घनता १.०२६ वरून १.०२५ च्याही खाली उतरली. आता मी कोरड्याकडे झुकणारी जुळणी ठेवतो. जमते ते थोडे, पण काळपट, दाट आणि नाक धरायला लावणारे असते.

टाकीत हात घातला किंवा तेलकट गोठवलेले खाद्य दिले की फेस काही तास बसतो. त्या वेळी व्हॉल्व्ह फिरवू नये, फेस आपोआप परत येतो. उलट, प्रवाळ चिकटवण्यासाठी इपॉक्सी वापरल्या दिवशी कप तासाभरात ओसंडला.

पाचव्या महिन्यात फेस हळूहळू कमी झाला आणि मी आठवडाभर जुळणीशी झटापट केली. दोष निघाला हवेच्या नळीच्या टोकाशी साचलेल्या मिठाच्या पापुद्र्याचा. नळीतून थोडे कोमट गोडे पाणी ओढू दिले आणि दहा मिनिटांत बुडबुडे पूर्ववत बारीक झाले. तेव्हापासून नळी दर महिन्याला धुतो, पंप दर तीन महिन्यांनी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवतो आणि गळा दर तीन दिवसांनी पुसतो, कारण आत चिकट थर बसला की फेस वर चढतच नाही.

खोक्यावर ५०० लिटरपर्यंतची क्षमता छापली आहे. माझ्या मते याच्या निम्म्या, म्हणजे माझ्याएवढ्या टाकीलाच तो पुरतो, आणि मासे अधिक असतील तर तिथेही अपुरा पडेल. कप काढण्यासाठी तो पिळून फिरवावा लागतो, आणि त्या झटक्यात आतला काळा द्रव थोडासा सम्पमध्ये परत सांडतो. यावर अजून उपाय सापडलेला नाही. पंप आधी बंद करून, फेस बसू देऊन मगच कपाला हात लावणे, एवढेच करतो.