‘तयार माल आम्हीच परत घेऊ’ असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मी कापसाच्या वाती बनवण्याचे यंत्र घेतले आणि त्यापायी जवळजवळ दीड लाख रुपये घालवून बसले. केवळ माझेच पैसे गेले असते, तर कदाचित मी हे लिहायला बसले नसते. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आणखी दोघींनी तेच यंत्र घेतले. त्यांतली एक माझी धाकटी जाऊ आहे. त्यामुळे जे घडले ते आकड्यांसह सांगणे मी माझे कर्तव्य समजते.

माझ्या यजमानांची कंपनी बंद पडल्यानंतर कराडमध्ये घरातूनच काहीतरी उद्योग सुरू करावा, असा विचार आम्ही वर्षभर करत होतो. पापड, मसाले, शिवणकाम या सगळ्यांत अडचण एकच दिसायची, ती म्हणजे माल विकायचा कुठे. त्यामुळे ‘घरबसल्या वाती बनवा, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच परत घेऊ’ ही जाहिरात वाचल्यावर आमच्या नेमक्या भीतीवर कोणीतरी उपाय काढला आहे, असे मला वाटले. आज मागे वळून पाहताना कळते की ही जाहिरात त्या भीतीसाठीच लिहिलेली होती.

साताऱ्यातल्या एका सभागृहात जाहिरात देणाऱ्या कंपनीने प्रात्यक्षिक ठेवले होते. साठ-सत्तर बायका आल्या होत्या. हिशेब फळ्यावर मांडून दाखवला गेला : कापसाचा पेळू ३५० रुपये किलोने घ्यायचा, वाती ६५० रुपये किलोने कंपनीला द्यायच्या, दिवसाला पाच किलो निघतात, म्हणजे रोजचे दीड हजार आणि महिन्याचे ४५ हजार. यंत्राची किंमत १ लाख १८ हजार, कराराची अनामत २५ हजार, शिवाय मुद्रा कर्जाच्या फाइलचे अडीच हजार आणि उद्यम नोंदणीचे, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचे, दीड हजार. आईने दिलेल्या पाटल्या मी पतसंस्थेत तारण ठेवून ७५ हजार उचलले, बचत गटातून ३० हजार घेतले आणि यजमानांना कंपनीकडून मिळालेल्या रकमेतले ४२ हजार घातले.

पैसे देताना ज्या गोष्टी खटकायला हव्या होत्या, त्या मी ‘मोठ्या लोकांचे व्यवहार असेच असतील’ असे म्हणून सोडून दिल्या. यंत्राचे ७८ हजार रुपये त्यांनी कंपनीच्या चालू खात्यावर न घेता एका व्यक्तीच्या बचत खात्यावर घेतले. उरलेले ४० हजार रोख मागितले आणि बिल मात्र ७८ हजारांचेच दिले. कारण असे सांगितले की, ‘ताई, पूर्ण रकमेचे बिल केले तर जीएसटीचा बोजा तुमच्यावरच वाढेल.’ त्या ४० हजारांचा कोणताही पुरावा आज माझ्याकडे नाही. ज्या बिलात १८ टक्के कर लावला होता, त्यावरचा जीएसटी क्रमांक मी वर्षभराने शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तेव्हा ती नोंदणी माझे बिल फाडण्याच्या कितीतरी आधीच रद्द झालेली होती. हा क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो आणि तो कोणालाही विनामूल्य तपासता येतो. मला त्याला दोन मिनिटे लागली.

उद्यम नोंदणीही शासनाच्या संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशू कर्ज बँक विनातारण देते आणि त्यासाठी मध्यस्थाची गरज नसते. माझी फाइल कोणत्याही बँकेत गेलीच नव्हती. साताऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात मी फार उशिरा गेले. तिथे समजले की पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिलांना प्रकल्प खर्चाच्या केवळ ५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते आणि ग्रामीण भागात ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. मात्र त्यासाठी प्रकल्प अहवाल द्यावा लागतो आणि त्यात माल कोणाला व कोणत्या भावाने विकणार, हे लिहावे लागते. हा एक रकाना मला आधी भरावा लागला असता, तर मी तिथेच थांबले असते.

यंत्र आले, पण दिवसभर बसूनही दीड किलोच्या वर वाती निघत नव्हत्या. पेळू सारखा तुटायचा आणि मोटर तापली की यंत्र बंद ठेवावे लागायचे. तरीही पहिल्या दहा किलो कापसाच्या साडेनऊ किलो वाती त्यांनी दिवाळीच्या आधी घेतल्या आणि ६,१७५ रुपये खात्यावर जमा केले. नोव्हेंबरमध्ये एकोणीस किलोंचे १२,३५० रुपये आले. त्या दिवशी मी देवापुढे पेढे ठेवले होते. दोन्ही वेळच्या कापसासाठी मी दिलेले १०,५०० रुपये वजा केले, तर माझ्या हातात ८,०२५ रुपये उरले, आणि ती माझी पहिली कमाई आहे, असे मी मनापासून मानले. प्रत्यक्षात माझ्याच दीड लाखातून त्यांनी मला आठ हजार परत दिले होते.

ते कशासाठी दिले, ते डिसेंबरमध्ये कळायला हवे होते. त्यांचा फोन आला की पुढच्या प्रात्यक्षिकाला येऊन चार शब्द बोला. मी गेले, बँकेचे पासबुक उघडून जमा झालेल्या रकमा दाखवल्या आणि ‘पैसे वेळेवर मिळतात’ असे सांगितले. ते त्या क्षणी खरेही होते. त्या सभेतून एका भगिनीने आणि माझ्या जावेने यंत्र घेतले. जावेच्या यंत्राबद्दल माझ्या खात्यावर ५ हजार रुपये कमिशन आले. ते मी तिला नंतर परत केले, पण ज्या विश्वासावर तिने स्वतःच्या पाटल्या तारण ठेवल्या तो विश्वास मला परत करता आला नाही. त्यामुळे अशा सभेत कोणी बाई उठून पासबुक दाखवू लागली, तर ती खोटे बोलत असेलच असे समजू नका. ती दुसऱ्या हप्त्यापर्यंत पोहोचलेली असू शकते, एवढे मात्र जरूर लक्षात घ्या.

तिसऱ्या खेपेला त्यांनी ४० किलो कापूस घ्यायला लावला, १४ हजार रुपयांचा. मार्चमध्ये मी ३८ किलो वाती घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले. तिथल्या मुलाने पोत्यात हात घालून मूठभर वाती काढल्या, काळ्या पुठ्ठ्यावर एकेक मांडल्या आणि स्टीलच्या पट्टीने मोजू लागला. दोन-तीन वातींत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक निघाला. मग त्याने लाल पेनने पोत्यांवर ‘नापास’ लिहिले आणि सहा किलो बाजूला ठेवून बाकीचे परत न्यायला सांगितले. मी करारपत्र काढले. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरच्या त्या करारात ‘माल कंपनीच्या निकषांनुसार असल्यासच स्वीकारला जाईल’ असे वाक्य होते, पण ते निकष कुठेही लिहिलेले नव्हते. लांबी किती, वजन किती, ओलावा किती, यांतले काहीच नाही. संपूर्ण करार त्या एका वाक्यात बुडाला होता. त्या सहा किलोंचे पैसेही आले नाहीत आणि मे महिन्यात कार्यालयाला कुलूप लागले.

परत आणलेली पोती घेऊन मी कराडमधल्या पूजासाहित्याच्या दुकानात गेले. दुकानदारांनी वात बोटांत फिरवून पाहिली, माल चांगला असल्याचे सांगितले आणि अशीच वात आपल्याला घाऊक व्यापाऱ्याकडून ४२० रुपये किलोने मिळते, असे शांतपणे सांगितले. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. जी वस्तू बाजारात ४२० ला मिळते ती कोणी ६५० ला का विकत घेईल, हा प्रश्न मला दहा महिन्यांत एकदाही पडला नव्हता. त्यांना वाती नकोच होत्या. यंत्रे विकायची होती, आणि नव्या यंत्रांच्या पैशांतून जुन्यांना दोन हप्ते द्यायचे होते. त्या दुकानापर्यंत माझ्या घरातून चालत दहा मिनिटे लागतात. पेपर प्लेट असो, अगरबत्ती असो वा मसाला, परतखरेदीची हमी कोणी दिली तर यंत्र पाहण्याआधी अशा चार दुकानांत जाऊन भाव विचारा.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगून आम्हांला परत पाठवण्यात आले. त्यानंतर आम्ही तिघींनी पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल केली. यंत्र व्यवसायासाठी घेतले म्हणून आपण ग्राहक ठरत नाही, असे अनेकजण सांगतील. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे स्पष्टीकरण दिलेले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. सल्ला हवा असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, पण तो फसवणूक लक्षात येताच, काही तासांच्या आत. मी तो केला तेव्हा महिने उलटून गेले होते.

आयोगाची पहिली नोटीस ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आली. आम्ही त्या व्यक्तीच्या बचत खात्याचा तपशील जोडून दुसरा अर्ज केला आहे. यंत्र माझ्याकडेच आहे. श्रावणात आणि दिवाळीत मी त्याच दुकानदारांना वाती देते, बाजारभावाने, थोड्या थोड्या. माझ्या पाटल्या गेल्या वर्षी सुटल्या. जावेच्या अजून पतसंस्थेत आहेत, आणि दर महिन्याला त्यांचे व्याज भरायला आम्ही दोघी बरोबर जातो.