नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला : सुएझ की केप?

न्हावा शेवाहून सुएझमार्गे कंटेनर साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत पोचतो. आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे गेला, की दहा-चौदा दिवस वाढतात. पोलादाला हा उशीर सोसतो, द्राक्षाला नाही. रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, शून्य अंशाच्या आसपास ठेवूनही देठ सुकतो, मणी गळतात; आणि तिकडचा खरेदीदार आधी देठच बघतो.

पण सुएझही बिनघोर नाही. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज अडकलं तेव्हा कालवा सहा दिवस बंद होता. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूती बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युद्धजोखमीचा विमाही महागला.

माझ्या मते केपचे दिवस धरूनच काढणी आखावी. हिरव्या देठाचाच माल भरावा, प्रीकूलिंगला (भरण्याआधी माल थंड करायला) उशीर करू नये, बुरशी रोखणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडमध्ये काटकसर तर मुळीच नको.