सॅम स्प्लिंट: सव्वाशे ग्रॅमला सॅकमध्ये जागा द्यावी का?

सॅम स्प्लिंट म्हणजे ट्रेकमध्ये मोडलेलं हाड हलू नये म्हणून बांधायची प्रथमोपचाराची पट्टी. हातात घेतल्यावर पहिली शंका हीच येते, की एवढी लिबलिबीत पट्टी मोडलेल्या हाडाला आधार काय देणार? शंका रास्त आहे. सपाट ठेवलेली सॅम स्प्लिंट कशालाच आधार देत नाही. आत अ‍ॅल्युमिनियमचा मऊ पत्रा आणि दोन्ही अंगांना फोम, एवढाच मामला. जोर येतो तो पट्टीला लांबीच्या दिशेने पन्हळ दिल्यावर. पोलादी मेजरिंग टेप थोडा बाहेर ओढला तर हवेत ताठ राहतो आणि चेपून सपाट केला की लगेच मान टाकतो, तोच हा हिशोब. अमेरिकन लष्करातले सर्जन सॅम शाइनबर्ग यांना ही कल्पना च्युइंगगमच्या वेष्टनावरून सुचली. चुरगळला जाणारा कागद बोटाभोवती वळवला की ताठ होतो, हे त्यांनी हेरलं.

मोठी पट्टी ३६ इंच लांब आणि सव्वाचार इंच रुंद असते, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. लहान मापंही मिळतात, पण ट्रेकला मोठीच घ्यावी. मोठीतून लहान तुकडा साध्या कात्रीने कापता येतो, लहानीची मोठी करता येत नाही. कापलेली कड मात्र धारदार असते. ती आत दुमडून वर चिकटपट्टी लावायला विसरू नका.

खरी परीक्षा मनगटावर. घसरताना माणूस हात टेकवतो, त्यामुळे ही दुखापत वारंवार दिसते. सूज चढायच्या आत अंगठी, घड्याळ, कडं काढा. बोटं हलतात का, स्पर्श कळतो का ते विचारा. नख दाबून सोडा. रंग दोनेक सेकंदांत परत यायला हवा. थंडीत तो उशिरा येतो, म्हणून धडधाकट हाताच्या नखाशी ताडून पाहा. मग पट्टी मधोमध दुमडून दुपदरी करा आणि दुमड बोटांकडे ठेवा. आकार द्यायचा तो स्वतःच्या नाहीतर जखमीच्या चांगल्या हातावर. दुखऱ्या हातावर वाकवत बसणं ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि त्या बिचाऱ्याच्या तोंडून जे निघतं ते उगीच नसतं. तळव्यात बँडेजचा एक गुंडाळा धरायला द्या, म्हणजे पेला धरल्यासारखी बोटं सैल राहतात. पट्टीला पन्हळ द्या, तळव्याच्या बाजूने टेकवा आणि चार इंची क्रेप बँडेज बोटांकडून कोपराकडे गुंडाळत न्या. प्रत्येक वेढ्याने आधीच्याचा अर्धा भाग झाकावा. बोटांची टोकं उघडी हवीत. शेवटी त्रिकोणी बँडेजची झोळी.

मार मनगटाच्या वर, कोपराखालच्या हाडांना असेल तर एवढ्यावर भागत नाही. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे स्थिर हवेत. अशा वेळी पट्टी न दुमडता कोपराला वळसा घालून हाताच्या दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी आणावी. ३६ इंचांचा उपयोग इथे कळतो.

बांधल्यावर तीच तपासणी पुन्हा, आणि नंतर दर पंधरा-वीस मिनिटांनी. बोटं बधिर, गार किंवा निळसर झाली तर दोष बहुधा पट्टीचा नसतो, क्रेप जास्त ताणलेलं असतं. ते उलगडून सैल बांधा.

घोट्याला पट्टीचा मध्य तळपायाखाली घेऊन दोन्ही बाजू पोटरीवर चढवायच्या. पाऊल काटकोनात, पन्हळ घोट्याच्या वर. इथे पट्टीची उणी बाजू दिसते: तिचा फोम पातळ आहे. घोट्याच्या हाडावर तो तासाभरात टोचायला लागतो. हाडाभोवती मोज्याची किंवा मऊ कपड्याची चुंबळ ठेवून मगच बांधा. बाहेरून सहा इंची क्रेप लागतं, चार इंचीचे वेढे पोटरीवर अपुरे पडतात. आणि हे बांधून जखमीला चालवत नेऊ नका. पायावर भार आला की पन्हळ चेपते आणि आधार गेला.

गुडघ्याला एक पट्टी कमी पडते. तिथे गुंडाळलेली कॅरीमॅट (झोपायची फोमची चटई) दोन्ही बाजूंनी लावून बांधली तर काम चांगलं होतं आणि ती सॅकवर असतेच. मांडीचं हाड मोडलं असेल तर सॅम स्प्लिंट विसरा. आत बरंच रक्त साचू शकतं. स्ट्रेचर आणि लवकर मदत हाच रस्ता. पट्टी वळवून मानेची कॉलर करून दाखवणारे हौशी पुष्कळ आहेत. त्या कॉलरच्या भरवशावर डोकं सोडू नका, हाताने धरणारा माणूस तिथे हवाच.

टिकाऊपणा बरा आहे. साबणाच्या पाण्याने धुता येते, फोम पाणी शोषत नाही, ऊन-थंडीने बिघडत नाही. बिघडते ती साठवण्यातल्या आळशीपणाने. घडी घालून, घडीवर दाब देऊन वर्षभर कोंबली आणि प्रत्येक सरावात त्याच रेषेवर वाकवली, तर पत्रा तिथे थकतो आणि एक दिवस चिरतो. सैल गुंडाळून ठेवा किंवा सॅकच्या पाठीच्या बाजूला सपाट सरकवा. सरावाची पट्टी वेगळी ठेवा.

हुबेहूब दिसणाऱ्या नकला भरपूर आहेत. सोपी तपासणी: पूर्ण लांबीला पन्हळ द्या, एक टोक धरून आडवी उचला. दुसरं टोक झुकलं तर घेऊ नका. फोम कडेने सुटत असेल तरीही नको.

आठ-दहा जणांच्या गटात एक पुरे, प्रत्येकाकडे कशाला? पण तिच्यासोबत चार इंची दोन क्रेप, सहा इंची एक आणि एक त्रिकोणी बँडेज नसेल तर ती घरीच राहू द्या. बांधायला काही नसेल तर ही पट्टी म्हणजे नुसता रंगीत फोम.

बांधल्याची वेळ आणि तेव्हा बोटांची स्थिती चिकटपट्टीवर लिहून बँडेजवरच लावा. एक्स-रेसाठी पट्टी सोडावी लागत नाही, किरण तिच्यातून पार जातात.