रंगाखाली जाम झालेल्या स्क्रूंसाठी: हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर

जुन्या दारांच्या बिजागऱ्यांवर ऑइलपेंटचे थर चढत गेले की स्क्रूची खाच बुजते, आणि साध्या डिसमिसने जोर लावल्यास पाते निसटून खाच कायमची खराब होते. अशा कामासाठी हे अवजार मला मनापासून आवडले. याच्या मागच्या टोकावर हातोडी मारली की आतील तिरक्या खाचांमुळे पुढच्या टोकाला बसवलेले पाते, म्हणजे बिट, किंचित फिरते आणि त्याच क्षणी स्क्रूमध्ये घट्ट दाबलेही जाते. म्हणून ते निसटत नाही, आणि घावाच्या हादऱ्याने गंजाची पकडही सुटते.

मात्र खाच आधी तळापर्यंत मोकळी करावी आणि माथ्याभोवतीचा रंग धारदार सुरीने कापून घ्यावा, म्हणजे आजूबाजूचे पापुद्रे निघत नाहीत. घरगुती रंगातील विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे त्याआधीचा रंग कोरडा खरवडू नये, ओला करून मास्क लावूनच काढावा. गंज असल्यास गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. बिट खाचेच्या रुंदीचेच निवडावे आणि फिरण्याची दिशा डावीकडे आहे ना, हे पाहून मगच घाव घालावा.

सागवानी चौकटीवर हे अवजार उत्तम चालते. काचेच्या तावदानाजवळ, टाइल्सवर किंवा पातळ प्लायवर ते अजिबात वापरू नये. तिथे सोल्डरिंग आयर्नने (डाग देण्याच्या, विजेवर तापणाऱ्या अवजाराने) स्क्रूचा माथा तापवून रंग मऊ करणे अधिक सुरक्षित.