हडपसरचं डिझेल गॅरेज, जुनी व्हॅन असेल तर इथे दाखवाच

मार्केट यार्डातून सासवडला किराणा माल न्यायला जुनी डिझेल व्हॅन घेतली आणि महिन्याभरात दिवेघाटात काळा धूर, पिकअप गायब. दुसरीकडे थेट इंजिन उतरवायला सांगितलं होतं, इथल्या दादांनी आधी गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढून बघितलं, म्हणाले पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर इथून जोरात वाफ मारली असती, इंजिन ठीक आहे. मग इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर टेस्टिंगला पाठवले, चारातले दोन खराब. ते आणि क्लच सेट मिळून मजुरीसकट १७ हजार, क्लच मी नाना पेठेतून स्वतः आणला त्यालाही नाही म्हणाले नाहीत. काढलेले जुने पार्ट हातात दिले, हे फार आवडलं. फक्त चार दिवस सांगून सहा लावले, धंदा बुडतो हो अशाने. आता भरलेली गाडी घाट आरामात चढते.