वोल्मी मॉडेलसोबत आठ महिने

चिखल-धोंड्यांचा लोंढा कुठवर जाईल हे पाहायला गेले आठ महिने मी वोल्मीचं घर्षण-मॉडेल वापरतोय. सूत्र 1955 चं, मुळात हिमलोटांसाठी मांडलेलं. जुळवायचे आकडे दोनच: कोरड्या घर्षणाचा म्यू आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढणाऱ्या विरोधाचा झाय. खरी गोम याच साधेपणात आहे.

ढोबळमानाने लोंढा थांबतो कुठे ते म्यू ठरवतो आणि किती वेगाने धावतो ते झाय. पहिले दोन महिने मी एका नाल्यात प्रत्यक्ष घडलेल्या घटनेतल्या साचलेल्या गाळाची सीमाच फक्त मॉडेलशी जुळवत बसलो. म्यू 0.1, झाय 250 घेतला काय आणि म्यू 0.12, झाय 1000 घेतला काय, नकाशावर सीमा जवळपास तीच. पण 15 अंशांच्या उतारावर, 2 मीटर जाडीच्या प्रवाहाला पहिली जोडी सेकंदाला 9 मीटर वेग देते, दुसरी जवळपास 17. धडकेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे संरक्षक भिंतीवर साडेतीन पट भार! हे लक्षात आलं तेव्हा मॉडेलचे आधीचे सगळे रन बाजूला ठेवले.

कुठली जोडी खरी, हे कोडं सुटलं ते नाल्याच्या वळणावर. वेग जितका जास्त, तितका लोंढा वळणात बाहेरच्या काठावर चढतो. बाहेरच्या काठावरची चिखलाची रेघ आतल्या काठापेक्षा 2 मीटर वर होती. पात्र 10 मीटर रुंद, वळणाची त्रिज्या 40 मीटर. यावरून वेग निघतो सेकंदाला सुमारे 9 मीटर. या सूत्रातला सुधारणा-गुणांक 1 ऐवजी 2 धरला तर सव्वासहा. फरक मोठा आहे, मान्य. पण 17 कसाही बसत नाही.

एक चूक मात्र महागात पडली. डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, मी घटनेनंतरचा वापरला. साचलेला गाळ त्यात जमीन म्हणून आधीच बसलेला, त्यामुळे मॉडेलमधला लोंढा त्या उंचवट्याला वळसा घालून भलतीकडेच जायचा आणि मी तीन आठवडे म्यूला दोष देत राहिलो. आधीचा डीईएम मिळाला नाही, तर निदान गाळाची जाडी वजा करून घ्या.

जाळीचा, म्हणजे मॉडेल जमिनीचे जे चौकोन पाडतं त्यांचा, आकारही तितकाच महत्त्वाचा. 10 मीटरच्या जाळीत अरुंद नाला बुजतो आणि लोंढा लवकर काठाबाहेर सांडतो. 2 मीटरवर जुळवलेले आकडे तिथे तसेच नेऊ नका.

तळातून उचललेला माल मी अजून नीट हाताळलेला नाही. सध्या सुरुवातीचं घनफळच वाढवून घेतो, ते समाधानकारक नाही. त्याच नाल्यातली दुसरी घटना कॅलिब्रेशनपासून, म्हणजे आकडे जुळवण्यापासून, मुद्दाम दूर ठेवलीय. या महिन्यात तिच्यावर रन लावणार आहे, आकड्यांना हात न लावता.