गोधडीचा नमुना: विकावा, मोकळा द्यावा की डिझाइन म्हणून नोंदवावा?

स्वतः आखलेला गोधडीचा नमुना लोकांच्या हाती द्यायचा झाला, तर भारतात राहणाऱ्या कारागिरासमोर मुख्यतः तीन वाटा असतात. हक्क राखून तो विकता येतो, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर (म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना आधीच परवानगी देऊन) मोकळा सोडता येतो, किंवा वस्तूच्या रूपाला व नक्षीला संरक्षण देणाऱ्या २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येतो. यांची तुलना बहुधा पैसा आणि संरक्षण या दोन मुद्द्यांवर केली जाते. कोणता निर्णय नंतर फिरवता येतो आणि कोणता येत नाही, हा प्रश्न मला त्याहून आधीचा वाटतो.

त्यापूर्वी आपल्या मालकीचे नेमके काय आहे, हे पाहिले पाहिजे. नऊघरी चौकट, लॉग केबिन (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत नेण्याची रचना), त्रिकोणांच्या जोड्या किंवा कडेकडून मध्याकडे जाणारा धावदोरा यांवर कोणाचाही हक्क नाही. शिवून झाल्यावर सहा इंचांचे घर, म्हणजे गोधडीतला एक चौकोन, हवे असेल तर कापड साडेसहा इंचांचे कापावे लागते, कारण प्रत्येक बाजूचा पाव इंच शिवणीत जातो. हे गणित आहे आणि ते कोणीही आपल्या शब्दांत लिहू शकते. कॉपीराइट मिळतो तो आपण लिहिलेल्या सूचनांना, काढलेल्या आकृत्यांना आणि मांडणीत खरोखर काही नवे असेल तर त्या मांडणीला. अमेरिकेत ‘बॉइसन विरुद्ध बॅनियन’ या खटल्यात २००१ साली नेमका हाच प्रश्न आला होता. वादातल्या गोधड्या इंग्रजी मुळाक्षरांच्या होत्या, आणि नक्कल ठरवण्यात आलेला माल भारतातून आयात केलेला होता. अक्षरे सर्वांचीच आहेत, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु सहा ओळींत प्रत्येकी पाच घरे, अक्षरांनंतर उरलेल्या चार घरांत चित्रे आणि त्यांना साजेशी रंगांची निवड, हा एकत्रित मेळ मूळ आखणारीचा आहे, असे म्हणून त्यातील काही गोधड्यांबाबत निकाल तिच्या बाजूने दिला.

हक्क राखून विकण्याच्या वाटेला सुरुवातीचा खर्च जवळजवळ नाही. १९५७च्या कायद्यानुसार कॉपीराइट कृती तयार होताच लागू होतो. नोंदणी ऐच्छिक आहे, आणि लेखन व चित्रांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. अडचण आहे ती अंमलबजावणीची. एका दुपट्याचा नमुना मी सहा मैत्रिणींना दिला होता. काही महिन्यांनी एका शिवणवर्गात त्याची छायाप्रत वाटली गेल्याचे कळले. माझे नाव असलेली वरची पट्टी दुमडून ती काढली होती, पण त्रिकोणांच्या रकान्यात मी पेन्सिलने ‘चार’ खोडून लिहिलेले ‘आठ’ तसेच उमटले होते. एखादीने स्वतःच्या वापरासाठी प्रत काढली, तर खाजगी वापराच्या सवलतीचा आधार तिला घेता येतो. वर्गभर वाटलेल्या पंचवीस प्रतींना तो मिळणे अवघड आहे. तरीही एवढ्यासाठी वकिलाची पायरी कोणी चढत नाही. मीही चढले नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२पासून उपलब्ध आहेत. त्यांतील ‘बीवाय-एनसी’ हा प्रकार निवडला, तर नाव देण्याच्या अटीवर नमुना कोणालाही वाटता येतो, पण त्याचा व्यापारी वापर करता येत नाही. नमुना फिरावा आणि त्याबरोबर आपले नावही फिरावे, एवढीच इच्छा असेल तर ही वाट मला विक्रीपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण वाटप तसेही होतच असते. मात्र हा परवाना मागे घेता येत नाही. उद्या आपण वाटणे थांबवले, तरी ज्यांच्याकडे नमुना पोहोचला त्यांचा अधिकार अटी पाळेपर्यंत कायम राहतो. पुढे पुस्तक काढण्याचा विचार असल्यास संपूर्ण नमुना न सोडता एखादेच घर सोडावे.

डिझाइन नोंदणीचे फायदे बहुतेकींना ठाऊक नसतात, आणि तिची अट तर त्याहून कमी जणींना. नोंदणी १० वर्षांसाठी मिळते आणि ती आणखी ५ वर्षे वाढवता येते. पण अर्ज करण्यापूर्वी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेले नसावे लागते. गोधडी अंगणात दोरीवर टाकून काढलेला एक फोटो इन्स्टाग्रामवर गेला, की नावीन्य संपले असे धरून चालावे. शिवाय नोंदणी केलेल्या डिझाइनवर कॉपीराइट उरत नाही.

नोंदणी न करणाऱ्यांसाठीही कॉपीराइट कायद्याने एक मर्यादा घातली आहे. नोंदणीयोग्य डिझाइन मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने पन्नासांहून अधिक वस्तूंवर उतरवले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. सोफ्यांच्या कापडावरील नक्षीसंबंधीच्या ‘मायक्रोफायबर्स’ खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली याच तरतुदीचा आधार घेऊन नक्षीच्या मालकाचा दावा फेटाळला. त्याआधी २००८ साली ‘तहिलियानी’ खटल्यात मात्र कपड्यांची संख्या पन्नासाच्या आत असल्याने कॉपीराइट टिकला होता. हाताने घातलेल्या टाक्यांना ‘औद्योगिक पद्धत’ म्हणावे का, यावर वाद घालता येईल. पण बचत गटाकडून यंत्रावर साठ गोधड्या शिवून घेणारीने त्या वादावर विसंबून राहू नये. लेखी सूचनांवरचा हक्क यामुळे जात नाही. जातो तो नक्षीवरचा.

म्हणून माझा कौल संख्येवर अवलंबून आहे. वर्षाला पाच-दहा गोधड्या हाताने शिवणारीने नोंदणीच्या वाटेला जाऊ नये. सूचना नीट लिहून, प्रत्येक पानाच्या मध्यावर फिकट अक्षरांत नाव घालून नमुना विकावा. वर्ग घेणारीने तो ‘बीवाय-एनसी’खाली द्यावा आणि शुल्क शिकवण्याचे घ्यावे. एकच नक्षी पन्नासांच्या पुढे नेण्याचा खरोखर विचार असेल, तर आधी अर्ज करावा आणि तोवर गोधडी दोरीवर वाळत घातली तरी फोटो काढून कोणाला पाठवू नये. बहिणीलासुद्धा.